खोकल्यासकट

खोकला गेला होता. मेडिकलच्या दुकानात नानांच्या डोळ्यांचे थेंब घ्यायला उभी होते, कानात इयरफोन, रविराजने सकाळी पाठवलेली फाइल बरोबर त्या जागेपाशी आणून ठेवलेली; आणि जिथे तो यायचा तिथे काहीच आलं नाही. मागे नेऊन पुन्हा लावली. पुन्हा काही नाही. नुसती सभागृहाच्या पंख्यांची घरघर, तीही धुऊन इस्त्री केल्यासारखी. "खोकला कुठे गेला?" मी म्हणाले, आणि कानात बोळे असल्यामुळे बहुधा ओरडलेच. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "ओला होता की कोरडा?" आणि सवयीने हात मागच्या फळीकडे नेला. रांगेतल्या एक बाई खुदकन हसल्या. मला हसू आलं नाही. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं झालं. "कोरडा," मी म्हणाले, आणि थेंब घेऊन बाहेर पडले.

गंगापूर रोडवर सकाळची घाई होती. शाळेच्या व्हॅन, नर्सरीतून निघालेला गुलाबांचा टेम्पो, सिग्नल सुटायच्या आधीच हॉर्न वाजवणारे लोक. एवढ्या आवाजात मी एका खोकल्याचा शोक करत चालले होते. कोणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं, आणि सांगायला गेले तर सगळंच पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. आमचा एक बँड होता, पाणलोट नावाचा. रविराज गिटार, ज्ञानेश ड्रम, अमोल बेस आणि मी कीबोर्ड. आम्ही प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवायचो, म्हणजे जे तीन मिनिटांत संपू शकतं ते वीस मिनिटं वाजवायचो आणि साताच्या, अकराच्या मात्रांत असं वाजवायचो की ऐकणाऱ्याला पायाने ठेका धरता येऊ नये. तीन स्टुडिओ अल्बम केले. पहिला ज्ञानेशच्या काकांच्या द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये, हंगाम संपल्यावर. त्यात सगळ्या गाण्यांच्या खाली शीतगृहाची मोटर ऐकू येते आणि मला ती अजून आवडते. दुसरा रविराजच्या घरी, भिंतींना गोधड्या टांगून. तिसरा पुण्याच्या एका झकपक स्टुडिओत, कानात तालाची टिकटिक घालून, एकेकाला काचेच्या खोलीत बसवून. त्या तिसऱ्या अल्बममध्ये एकही चूक नाही. तो मी घरात कधी लावत नाही. आणि चौथा, 'हजर', तेवढा एकच लाइव्ह. इथे नाशिकमध्येच एका संध्याकाळी वाजवलेला, लोकांसकट, पंख्यांसकट, खोकल्यासकट.

आता बंगळुरूची कोणी एक छोटी कंपनी 'हजर'ची तबकडी काढणार होती. आम्हाला कोण ओळखतं असं मी इतकी वर्षं समजत होते, पण इंटरनेटवर आमचेही शे-दोनशे वेडे होते, आणि त्यांचे दोन तट होते: एकाला दुसऱ्या अल्बममधलं 'उन्हाळी आवर्तन' खरं वाटायचं, दुसऱ्याला 'हजर'मधलं. हे आवर्तन धरणाच्या पाण्याचं. पाणी सुटणार म्हणून कालव्याच्या कोरड्या चारीच्या काठावर माणसं बसलेली असतात, ती वाट बघणं त्या रचनेच्या मधोमध आहे. सगळी वाद्यं एकदम थांबतात. मग शांतता. मग पाणी. गोधड्यांच्या खोलीत केली ती शांतता मोजून केलेली होती, रविराज बोटांवर मात्रा धरायचा. 'हजर'मधली शांतता त्याच्यापेक्षा खूप लांब आहे, आणि तिच्या सुरुवातीलाच कोणीतरी खोकतं. या लांबीवर लोकांनी काय काय लिहिलंय. केवढं धाडस, म्हणे. केवढा संयम. मी ते वाचते आणि गप्प बसते, कारण शांतता मोडायचं काम माझ्याकडे होतं. मी पहिला सूर दाबल्याशिवाय ज्ञानेश काठी उचलणार नव्हता.

आमच्या नामपूरकडे घरातला मोठा माणूस ओट्यावर आला की आधी खाकरतो. खाकरल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. सुनांनी पदर सावरावा, कोणी पाय पसरून बसलं असेल त्यांनी उठावं, म्हणून. नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, खाकरणं ठरलेलं होतं: एक तुटका खोकला, आणि लगेच एक लांब, ओढलेला, शेवटी जरा वर जाणारा. तो आला की आई चुलीपुढून उठायची, माझा भाऊ किशोर हातातली गोटी खिशात टाकायचा आणि मी रेडिओ बंद करायची. कोणी शिकवलं नाही, कोणी मारलं नाही. खोकला आला की हात थांबायचे, एवढंच. रेडिओवर गाणं कितीही रंगात आलेलं असो. पुढे इंजिनिअरिंगला नाशिकला आले, नोकरी लागली, सोडली, बँड धरला, आणि नानांनी फोनवर जे म्हणायचं ते म्हटलं. लोकांपुढे बसून वाजवायला आपण काय वाजंत्री आहोत का? मी म्हटलं, एकदा येऊन बघा, मग बोला. किशोरच्या हाती पास पाठवले. उत्तर आलं नाही. आमच्या घरात उत्तर न येणं हेच उत्तर असतं, ते ज्याने त्याने समजून घ्यायचं.

त्या संध्याकाळी शांतता आली, मी हात वर घेतले, मनात मात्रा सुरू केल्या, आणि अंधारातून तो आला. एक तुटका, एक लांब. माझे हात थांबले. म्हणजे ते थांबलेलेच होते, पण आता ते माझे राहिले नाहीत, ते रेडिओ बंद केलेल्या पोरीचे झाले. मात्रा गेल्या कुठल्या कुठे. मी तिसऱ्या रांगेपासून मागे मागे बघत गेले, टोपी दिसते का, पांढरा सदरा दिसतो का; डोळ्यांवर दिवे, पुढे सगळं काळं. ज्ञानेश काठ्या धरून माझ्याकडे बघतोय, रविराजच्या कपाळावरची शीर फुगलेली, आणि मला वाटत होतं, नाना आलेत. आत आलेत. थांबा. मग केव्हातरी माझं बोट खाली गेलं आणि पाणी सुटलं. त्या दिवशी मी पुढचं जे वाजवलं तसं आयुष्यात पुन्हा वाजवलं नाही. कार्यक्रमानंतर लोक पांगेपर्यंत दाराशी उभी राहिले. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला, सगळं कसं झालं विचारायला, आणि मी विचारायच्या आतच म्हणाली, नाना मालेगावला गेले होते गं, व्यापाऱ्याकडे, उशिरा आले. आईचं बोलणं आणि माझा कान, दोन्हीपैकी एक खोटं होतं. इतकी वर्षं मी माझ्या कानाच्या बाजूने आहे. भांडण झालं की, दिवाळीला नानांनी माझ्याशी न बोलता किशोरच्या बायकोला 'तिला विचार' म्हटलं की, आईच्या दहाव्याला सगळे बसलेले असताना त्यांनी माझी ओळख 'ही नाशिकला क्लास घेते' अशी करून दिली की, मी घरी येऊन 'हजर' लावायची. एवढी एक गोष्ट माझ्याकडे होती. बोलत नाहीत, पण आले होते.

आणि कधी विचारलं नाही. विचारलं आणि नाही म्हणाले तर? त्यापेक्षा झाकली मूठ बरी.

घरी आले तर नाना हॉलमध्ये काळा चष्मा लावून ताठ बसले होते, मांडीवर हात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर माझ्याकडे होते. माझ्याकडे राहण्याची ही त्यांची पहिली वेळ. पाहुण्यासारखे राहिले. बोलणंही पाहुण्यासारखं, शाळामास्तरांपुढे बोलावं तसं शुद्ध: "पाणी मिळेल का?" "दिवा लावला तरी चालेल." क्लासची मुलं यायची तेव्हा आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायचे. आणि या आठवड्यात, देवाशपथ, ते एकदाही खोकले नाहीत. तंबाखू सुटली होती, इथे उंबऱ्याबाहेर थांबायचं कारण नव्हतं. मी वाट बघत होते. ठसका लागावा म्हणून एकदा फोडणीत मिरची जास्त टाकली, ही गोष्ट सांगण्यासारखी नाही. मलाच ठसका लागला.

"थेंब मिळाले?" नाना म्हणाले.

"मिळाले. मान मागे करा."

चष्मा काढला की त्यांचा चेहरा मला उघडा वाटायचा, बघू नये असा. एक हात कपाळावर ठेवून पापणी खाली ओढायची, थेंब टाकायचा, मग थोडं थांबून दुसऱ्या बाटलीतला. मधल्या वेळात काही बोलायचं नाही असं जणू ठरलं होतं. त्यांच्या गळ्याची घाटी वर-खाली होत होती आणि मी तिच्याकडेच बघत होते. आवाज तिथूनच निघाला होता का? बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात फोन वाजला. रविराज.

मी गॅलरीत गेले. "ऐकलंस?" तो म्हणाला. हॅलो म्हणायची त्याला सवय नाही.

"ऐकलं."

"क्लीन आहे ना? सॉफ्टवेअरला सांगितलं, खोकला काढ. काढला. पंखे जसेच्या तसे ठेवलेत, नाहीतर तू म्हणशील निर्जीव केलं."

"तरी झालंच आहे."

"शुभे, वर्षानुवर्षं तो खोकला मी सहन केलाय. आपण चौघांनी जीव काढून वाजवलं आणि लोक लिहितात काय, तर तो खोकला किती अस्सल आहे. कोणा म्हाताऱ्याचा कफ आपल्यापेक्षा लोकप्रिय झाला. आणि हे बघ, ती शांतताही जरा कमी करतोय मी. तेव्हा तू हरवली होतीस, मला माहितीये. मूळ मात्रांवर आणतो."

"काही करू नकोस. मी हो म्हटलेलं नाही."

पाणलोटमध्ये पहिल्यापासून नियम होता, चौघांनी हो म्हटल्याशिवाय काही बाहेर जायचं नाही. या एका नियमापायी आमची अर्धी वर्षं भांडणात गेली आणि शेवटी बँडही गेला, पण नियम राहिला. "ज्ञानेशचं हो आहे. अमोलचा कॅनडातून मेसेज आला," रविराज म्हणाला. "दुपारी फाइल गेली नाही तर तबकडीचा नंबर पुढच्या वर्षी. कारण सांग. एक कारण सांग, मी ठेवतो."

कारण माझ्या पाठीमागे, काचेच्या दारापलीकडे, मान मागे टाकून दुसऱ्या थेंबाची वाट बघत बसलं होतं. ते सांगायचं म्हणजे आधी खरं आहे की नाही ते मला माहीत हवं. त्या क्षणी मला रविराजचा राग आला, आईचा आला, आणि सगळ्यात जास्त या आमच्या घराण्याचा आला, जिथे माणूस खोकून सांगतो मी आलोय आणि तोंडाने काही म्हणजे काही सांगत नाही. "जेवणं होईपर्यंत थांब," मी म्हणाले.

जेवणानंतर किशोर गाडी घेऊन येणार होता. नानांची पिशवी सकाळपासून दारापाशी भरून ठेवलेली. जेवताना मी तीनदा सुरुवात केली. एकदा कांद्याच्या भावाकडे वळले, एकदा डोळ्याच्या तपासणीकडे, आणि एकदा नानांनीच "भाजी छान झाली" म्हणून मला गार केलं. हात धुऊन ते पुन्हा त्याच जागी बसले, चष्मा लावून. डोळे दिसत नव्हते. डोळे दिसले असते तर मी कदाचित पुन्हा कच खाल्ली असती. मी काही न बोलता स्पीकर सुरू केला आणि जुनं 'हजर' लावलं, न धुतलेलं.

उन्हाळी आवर्तन सुरू होतं तेव्हा आधी नुसती माझी उजव्या हाताची एक ओळ असते, घरंगळत जाणारी. मग ज्ञानेश हळूच खालून येतो. नाना हलले नाहीत. मला वाटलं, म्हणतील बंद कर, डोकं दुखतं. नाही म्हणाले. रविराजची गिटार आली, आम्ही दोघं एकमेकांशी भांडत वर चढत गेलो, सात-सातचे फेरे एकमेकांत अडकत गेले, आणि हे सगळं माझ्या बापासमोर, भर दुपारी, माझ्याच हॉलमध्ये वाजत होतं याची मला लाज वाटत होती आणि छातीही भरून येत होती. आता येईल. वाद्यं थांबली. शांतता. एक तुटका, एक लांब.

मी स्पीकर बंद केला. "नाना, हा तुम्हीच ना?"

"कोण?"

"हा खोकला. तुम्ही आला होता. मी तेव्हाच ओळखलं होतं."

त्यांनी मान जरा वाकडी केली, दूरचं ऐकावं तशी. "पुन्हा लाव." मी मागे नेलं, पुन्हा लावलं. तुटका, लांब. त्यांनी मान सरळ केली. मग पाहुण्याची भाषा सोडून, नामपूरच्या ओट्यावर बसून बोलतात तशा आवाजात म्हणाले, "हाऊ मी नही."

ऐकलं ते कळायला वेळ लागला. नाही. किती सोपं होतं ते, आणि मी किती वर्षं त्याला भीत होते. आई खरं बोलत होती. कोणी दुसराच म्हातारा, सिन्नरचा, दिंडोरीचा, कुठलाही, आमच्याकडे सगळेच तसे खाकरतात; त्याला मी माझा बाप करून घेतलं होतं. मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. नुसतं रिकामं वाटलं. मी वायर गुंडाळायला लागले.

"मी मझार उनूच नही," नाना म्हणाले.

माझा हात वायरीवरच राहिला. मझार म्हणजे आत. आत आलोच नाही.

"भायेर व्हतू. गाड्या लावतस तठे." त्यांनी चष्म्यावरून हात फिरवला, जणू तो पुसायचा होता. "पास किशोरजोडे, किशोर कोठे गया काय माहीत. दारवरना पोऱ्या पास मांगे. 'मन्ही पोर वाजाडस' आसं सांगतू तर सोडता त्यानी." माझी पोर वाजवते, एवढं म्हटलं असतं तरी त्याने सोडलं असतं. "सांगं नही मी. सांगाले पाहिजे व्हतं."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. भीतजोडे उभा राहिनू. समदं आयकू ये. हाईच व्हतं, आते लावं ते. चांगलं चालनं व्हतं." त्यांनी स्पीकरच्या दिशेने बोट केलं. "मंग बंद व्हयनं. मी वाट पाही, पाही. कोनी वाजाडेच ना. माले वाटनं सरी गयं. सटाण्यानी शेवटनी येष्टी व्हती, निंघी गऊ."

खाली रस्त्यावरून कोणी भंगारवाला ओरडत गेला. मी उभी होते ती बसले. एका भिंतीच्या आत मी हात वर धरून अंधारात पांढरा सदरा शोधत होते, थांबा, नाना आलेत. आणि त्याच भिंतीच्या बाहेर, स्कूटरींच्या रांगेत, पांढरा सदरा उभा होता आणि वाट बघत होता. मोजल्या मात्रांवर बोट खाली टाकलं असतं तर ते थांबले असते. जितका वेळ मी त्यांना शोधलं तेवढ्यातच ते सगळं संपलं असं समजून निघून गेले. हे त्यांना सांगायचं नाही असं मी ठरवलं. मालेगावचा व्यापारी कोणी रचला, आईने की त्यांनी, हेही विचारायचं नाही. सगळंच विचारायला हवं असं नाही, एवढी मी त्यांचीच मुलगी आहे.

फोन थरथरला. 'हो की नाही?' रविराजचा मेसेज. मी लिहिलं: 'खोकला काढलास तरी चालेल. शांतता आहे तेवढीच ठेव, एक मात्रा कमी करायची नाही.' लगेच त्याचं उत्तर आलं, 'कारण?' मी फोन पालथा घातला.

"मंग?" नाना म्हणाले. "सरनं का तठेच?"

"नाही," मी म्हणाले. "निम्मं राहिलंय."

"निम्मं?" त्यांच्या भुवया चष्म्याच्या वर आल्या. ते गालातल्या गालात हसल्यासारखं काहीतरी झालं, आणि मग चेहरा पडला. मला तो बघवेना. मी स्पीकर लावला आणि जिथे थांबवलं होतं तिथून सोडलं. शांतता तशीच चालू राहिली, लांब, वेड्यासारखी लांब. नाना पुढे झुकून बसले होते. माझा सूर आला. पाठोपाठ ज्ञानेश दोन्ही हातांनी कोसळला, आणि नाना दचकले, खुर्चीचा हात घट्ट धरला, पण मागे झाले नाहीत.

दार उघडून किशोर आत आला, गाडीची किल्ली बोटात फिरवत. त्याने आधी स्पीकरकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पिशवी उचलली आणि आवाजाच्या वरताण ओरडला, "चाला नाना, उशीर व्हई राहिना."

नानांनी त्याच्याकडे न बघता हात वर केला. "थांब रे," ते म्हणाले. "सरनं नही आजून."